परेडच्या मैदानाचा नारळ

मी, कमलाकांत जानू पागधरे, वय ७१, धंदा काही नाही, निवृत्त हवालदार, राहणार घिवली, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पालघरच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण 'म्हातारा भ्रमिष्ट झाला होता' असे कोण म्हणेल ते मला आजच ठाऊक आहे. कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे, आणि शुद्धीवरच्या माणसाला राग येऊ नये असा कायदा नाही.

१. राहते घर, मागचे परसू आणि दोन नारळीची झाडे माझा एकुलता मुलगा पुंडलिक यास द्यावीत. तो बोईसरला कंपनीत सुपरवायझर आहे. बाप म्हणून जे देणे लागतो ते दिले. याहून जास्त त्याने मागू नये, आणि त्याच्या सासऱ्यानेही मागू नये.

२. पोस्टातली शिल्लक माझ्या उत्तरकार्याला वापरावी. जेवणात मासे असावेत. शाळेतून कोणी फुलांचे चक्र घेऊन आल्यास ते दारातूनच परत पाठवावे.

३. आता मुद्द्याचे. घिवलीच्या वेशीबाहेर रस्त्याला लागून जी मोकळी जमीन आहे, जिला 'रणतेज सैनिकी निवासी शाळा' आपले परेड ग्राउंड म्हणते, ती माझी आहे. फौजेतून सुटलो तेव्हा मिळालेल्या पैशांतून मी ती घेतली. वडिलोपार्जित नाही, स्वकष्टार्जित आहे. सातबारा माझ्या नावे आहे. ही जमीन मी शाळेला कधीही दान दिलेली नाही. शाळेचे संचालक विक्रम खारकर सगळीकडे तसे सांगत फिरतात. ते खोटे बोलतात.

खरे काय ते लिहितो. १९७३ साली विक्रमचे वडील मेजर खारकर यांनी ही शाळा काढली. मी तिथला पहिला ड्रिल मास्तर. मेजरसाहेब देवमाणूस नव्हते, शिव्या फार देत, पण शब्दाचे पक्के. मुलाने फाटकातून आत येताना आडनाव बाहेर ठेवायचे, हा त्यांचा नियम. मामलेदाराचा मुलगा आणि डोंगरातल्या वारली आदिवासीचा चिंतू एकाच बाकावर. पंगतीला बसल्यावर आधी शेजाऱ्याचे ताट वाढायचे, मग आपले. 'आधी दुसऱ्याचे ताट' ही अक्षरे मीच भिंतीवर तेलरंगाने लिहिली. पहिली दोन वर्षे शाळेकडे पैसे नव्हते, तेव्हा ताटात वाढायला सुकट आणि बोंबील घिवलीच्या बायांनी दिले. माझी बहीण जमना टोपली डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे असे.

मैदान मी वापरायला दिले ते आमच्या गावच्या रीतीने. आमच्याकडे एकाने दुसऱ्याच्या जागेत मासळी वाळत घालायची असेल, तर नारळी पौर्णिमेला मालकाच्या दारी नारळ घेऊन जातात. मालकाने नारळ ठेवून घेतला तर जागा वर्षभर वापरावी. परत केला तर जागा सोडावी. कागद नाही, भांडण नाही. मेजरसाहेब दर वर्षी स्वतः चालत नारळ आणत. ज्याला दान मिळाले तो दर वर्षी मागायला कशाला येईल, हे कोर्टाला कळेल अशी आशा आहे.

४. मेजरसाहेब १९८२ साली वारले आणि विक्रम गादीवर बसला. नारळ बंद झाला. पोरांच्या कवायतीकडे बघून मी मैदान तेवढे वापरू दिले. फीवाल्या मुलांचे टेबल वेगळे झाले. भिंतीवरच्या माझ्या अक्षरांना चुना लागला आणि त्यावर 'जिंकण्यासाठी जन्म' असे रंगवून आले. काय जिंकायचे ते लिहिलेले नाही.

पुढच्याच वर्षी पेट्यांची तपासणी झाली. जमनाचा मुलगा एकनाथ नववीत होता. त्याच्या पेटीत भाजलेल्या बोंबलांची पुरचुंडी सापडली. विक्रमने ते बोंबील सुतळीत ओवले, पोराच्या गळ्यात घातले आणि सगळ्या शाळेसमोर त्याला मैदानात उभे केले. म्हणाला, "मला इथे सैनिक घडवायचे आहेत, मच्छीबाजार भरवायचा नाही." मी तिथेच शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या पायाशी टाकली आणि जमनाला निरोप धाडला.

ती आली. पोराच्या गळ्यातली माळ काढून तिने आपल्या गळ्यात घातली आणि विक्रमपुढे उभी राहिली. "बोंबील मी दिलाय. आता माला उबी कर. तुजा बापूस हेच खाऊन शाला चालवीत होता, तवा वास नाय आला?"

विक्रमने शिपायाकडून तिला बाहेर काढले. एकनाथने शाळा सोडली. आज त्याची स्वतःची होडी आहे आणि त्याच्या ताटाला कोणी नाक मुरडत नाही. पण मी ते विसरलेलो नाही आणि मरणानंतरही विसरणार नाही.

५. यंदाच्या नारळी पौर्णिमेला एक गंमत झाली. विक्रमला मैदानावर इमारत बांधायची आहे, म्हणून माझी सही हवी. पुंडलिकला त्याने शाळेच्या कॅन्टीनचे काम कबूल केले आहे. चिरंजीव मला म्हणाले, "बाबा, इमारतीला तुमचं नाव देणार आहेत." मी म्हटले, नाव माझ्याकडे आहे, बापाने ठेवलेले.

मग विक्रम स्वतः आला. बँड, फोटोवाला, शाल आणि श्रीफळ. माझा सत्कार! त्याच दिवशी, माझ्याच दारात, अख्ख्या घिवलीसमोर त्याने वाकून माझ्या हातात नारळ ठेवला. आपण काय केले हे त्या शहाण्याला कळले नाही. गावाला कळले. माणसे बँड सोडून माझ्या हाताकडे बघू लागली. मी शाल ठेवून घेतली आणि नारळ त्याच्या हातात परत दिला. तो हसला, फोटोवाल्याला म्हणाला, "बघा किती साधा माणूस." मागून गोमा तांडेल मोठ्याने बोलला, "नारल परत केला. जागा सुटली!" विक्रमने त्यालाही नमस्कार केला.

ती शाल राहीबाईच्या शेळीला थंडीत घालावी.

६. सबब, वरील जमीन मी माझी बहीण जमना हिला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. तिने तिथे गावातल्या बायांसह बोंबील वाळवण्यासाठी बांबूच्या वलांडी घालाव्यात. वारा खाडीकडून शाळेच्या भोजनगृहाकडे वाहतो, हे मी ड्रिल घेताना रोज अनुभवले आहे. वलांडी त्या अंगाला आधी बांधाव्यात.

वासाने शाळेची पोरे कुंपणाशी येतील. घरापासून लांब राहणारी पोरे भुकेलीच असतात. त्यांना हाकलू नये, भाजून द्यावे. आडनाव विचारू नये. माझे भांडण त्यांच्याशी नाही.

७. संचालकांना सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी मैदान हवे असल्यास त्यांनी नारळी पौर्णिमेला जमनाच्या दारी यावे. चालत यावे. शाल नको, बँड नको, फोटोवाला नको, फक्त नारळ. ठेवायचा की परत करायचा हे तिने ठरवावे. हे कलम लिहिण्याआधी मी तिला विचारले. ती बोंबील साफ करीत होती, मान वर न करता म्हणाली, "येऊ दे त्याला. आदी जेवायला वाडीन. मंग नाय म्हनेन."

मृत्युपत्राची अंमलबजावणी एकनाथने करावी. जमनाला यावर साक्षीला अंगठा द्यायचा होता, पण ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात. ती वकिलावर रागावली आहे. राहीबाईचा अंगठा चालतो, कारण शाल तिला नाही, शेळीला आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

ठिकाण : घिवली
तारीख : ११ नोव्हेंबर १९९४

(सही) कमलाकांत जानू पागधरे

आमच्या समक्ष सही केली. नारळ परत दिला तोही आमच्या समक्ष.

साक्षीदार :
१. गोमा तांडेल (सही)
२. राहीबाई, शेळीवाली (डाव्या हाताचा अंगठा)