उंची लागली

६ जून
पोहोचले एकदाची! दक्षिणेकडच्या आमच्या वाल्दिव्हियाच्या रोजच्या पावसातून सुटून थेट चाख्नान्तोरच्या पठारावर, पाच हजार मीटर उंच. हवा इतकी कोरडी की ओठ फुटले, पण आमच्या दुर्बिणीच्या थाळीला अशीच हवा लागते.

एक तारा जन्माला येतोय. अजून वायूच्या दुपट्यात गुंडाळलेला आहे. त्या दुपट्यात कोणते रेणू आहेत, ते थाळीने टिपलेल्या लहरींवरून ओळखायचं, हे माझं काम. पाणी, मिथेनॉल, आणि हमखास सापडणारा कार्बन मोनॉक्साइड. एक कार्बन, एक ऑक्सिजन; एकदा हात धरला की सोडत नाहीत. माझी लाडकी जोडी!

सोबतीला एर्सिलियाबाई, इथल्या मानाच्या बोलीत दोन्या एर्सिलिया. थाळी त्या चालवतात, जन्म इथल्याच तोकोनाव गावचा. आल्या आल्या मी ऑक्सिजनची नळी सगळीकडे शोधली, ती निघाली माझ्याच गळ्यात. त्या पोट धरून हसल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा! पोरी, उंची लागली तुला." इथं डोकं दुखो, जेवण नकोसं होवो, सगळ्याला हे एकच उत्तर.

८ जून
बर्फाचं वादळ. रस्ता बंद, वीज गेली. जनरेटर आहे, पण त्याची वीज थाळीचं यंत्र थंड ठेवायला लागते. ते तापलं तर दोन्या एर्सिलियांची महिन्याची मेहनत पाण्यात. यंत्राला गारवा, आणि आम्हाला ऊब म्हणून कोठारातली जुनी गॅसची शेगडी.

खोलीच्या भिंतीच्या तळाशी जाळी आहे, तिथून वारा नुसता कापत येत होता. मी लोकरीचे मोजे कोंबून ती बुजवली. दोन्या एर्सिलियांनी शाबासकी दिली, दक्षिणेकडच्या पोरींनाही अक्कल असते म्हणाल्या.

जेवणाआधी त्यांनी कोकाची पानं जमिनीला वाहिली आणि आपल्या मामाची गोष्ट सांगितली. अशाच वादळात दार वाजलं, कुणी नाव घेऊन हाक मारली, मामा बाहेर गेला तो गेलाच. म्हणून बर्फाच्या वाऱ्यात दार उघडायचं नाही.

१० जून
डोकं ठणकतंय. चहाही पोटात ठरत नाही. ऑक्सिजनचं शेवटचं नळकांडं संपलं. शेगडीची ज्योत पिवळी झालीय, किटली काळीकुट्ट.

दोन्या एर्सिलियांनाही उलट्या होताहेत. जन्मभर इथं राहिलेल्या बाईला उंची लागते? त्या म्हणाल्या, "म्हातारपणी लाड करून घेतेय, दुसरं काय!" गाल मात्र लालबुंद. पाहून बरं वाटलं.

वायरलेसवर नोल्बेर्तो होता, आमचा गाडीवाला. आज वार कोणता, म्हणून विचारलं. मला सांगता येईना. तो म्हणाला, "मी निघतोच."

११ जून
बाहेर कुणीतरी चालतंय. भिंतीला हात घासत.
दोन्या एर्सिलिया मामाशी बोलत होत्या. मी विचारलं, कुठं आहे तो? त्यांनी माझ्या मागे बोट दाखवलं. मी वळले नाही. भीती वाटते. खूप.
टेबल ढकलून दाराला लावलं. पाय मेणाचे झालेत.

१२ जून
दोन्या एर्सिलिया उठत नाहीत. हलवलं. गाल अजून तसेच, लाल—

दार वाजतंय.

"रायेन! दार उघड!" माझंच नाव. मामालाही असंच— नाही उघडणार. म्हणतो, मी नोल्बेर्तो. नोल्बेर्तो कशाला येईल—

पुन्हा १२
पाणी प्यायला किटली धरली. बोटं काळी. या पानावर डाग पडला. काजळी. म्हणजे कार्बन. पिवळी ज्योत, ऑक्सिजन अपुरा— आणि जाळीत माझे मोजे.

देवा. ती जोडी. इथं. आमच्या रक्तात. म्हणून ते गाल लाल. हात धरलाय, सोडत नाही— काखेत कळसा, काखेत—

तो खराच नोल्बेर्तो आहे. ओरडले. आवाज निघाला नाही. लिहायला हात हलतो, उठायला नाही. टेबल मीच लावलं. मीच.

दोन्या एर्सिलिया, उठा ना.

ठोठावणं थांबलं. पावलं गाडीकडे चालली. पहार आणायला गेला, की परत—