आईचा घोट

तीर्थरूप थोरल्या दादांना,

वाकून नमस्कार. (उजवी बाजू ऐकत नाही, तेव्हा कागदावरच वाकलो असं समजा. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नका.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? बदकं अंडी घालतात ना?

माझं विचाराल, तर पँटीच्या चेन बनवून मोठा झालेल्या माणसाचा गळाच बंद पडलाय. मेंदूला झटका आल्यापासून घास गिळता येत नाही. नाकातल्या नळीतून पेज जाते. तुमची भावजय मेइछ्याओ माझ्यापुढे वाफाळत्या सूपचं वाडगं ठेवते, मी वास घेतो, मग तेच ती पिते. काल सून म्हणाली, "आई, हे अगदी पितरांसारखं झालं हो!" तर ही म्हणते, "पितर निदान मीठ कमी म्हणून कटकट करत नाहीत."

थान डॉक्टरीणबाई रोज हनुवटीखाली आणि मानेत सुया टोचतात. सुई फिरवत विचारतात, "आली का?" म्हणजे ठणक. ती आली की सुई लागू पडली. पण दादा, माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत (यंत्राचा एक दात झिजला तरी मला अंगणात कळायचं). ठणकेच्या आधी माझ्या डाव्या कानामागे कुणीतरी घोट गिळतं. मागे नुसती भिंत आहे. गटक, आणि मग बारीकसं "हं." आपल्याला भरवताना आई आधी स्वतः रिकामाच घोट गिळून दाखवायची, तस्सा. मग तिच्या पाठोपाठ माझा गळा हलतो. "आली का?" मी मान हलवतो, आली. बाई खूश! "शेठ, फार गुणी गळा हो तुमचा!"

गेल्या आठवड्यात एक दिवस मात्र कानामागे शुकशुकाट. बाईंनी चमचाभर कमळकंदाची खीर दिली, ती सगळी ठसक्याने नाकातून बाहेर, मी निळा पडलो. दवाखान्यातून घरी आल्यावर मेइछ्याओ म्हणते, "आज सासूबाईंची तिथी. दादांनी गावी ताट मांडलं असेल." तरीच! आई तुमच्याकडे जेवायला गेली होती.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
यूनफाय

ता. क. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला बाई मला पाणी पाजून बघणार आहेत. गिळलं तर नळी निघेल, नाहीतर पोटाला भोक पाडून कायमची बसेल. नेमकं त्याच दिवशी तुम्ही पितरांना नावं घेऊन जेवायला हाका मारता. यंदा आईचं नाव घेऊ नका. वहिनी कुरकुरल्या तर सांगा, सासूबाई यूनफायकडे जेवणार आहेत.

आणखी एक. बाबांना मात्र मोठ्याने हाक मारा, पोटभर वाढा आणि तिथेच ठेवून घ्या. ते घास अडकून गेले, आणि परवापासून माझ्या उजव्या कानामागे कुणीतरी खाकरतंय.