निम्मा लांडगा

४ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझी आई गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडते आणि दिवसभर जिने चढते. आमच्या वन्यप्राणी केंद्रातलं लांडग्याचं पिल्लू आता चांगलं थोराड झालंय. थंडीत त्याला रानात सोडायचंय, पण तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालावाचून परवानगी नाही म्हणे. त्याचे केस पाठवलेत. लांडगाच आहे, त्यात तपासायचं काय, कपाळ! तेवढं लवकर उरक.

तब्येतीस जप.
बाबा

१९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गोल गोल बोलणं मला जमत नाही. केसांच्या डीएनएत लांडगा निम्मा आणि कुत्रा निम्मा निघालाय. हे खरं असेल तर त्याला सोडता येणार नाही. रानात मोजकेच लांडगे उरलेत. त्यांच्यात कुत्र्याचं रक्त भिनत गेलं तर लांडगा म्हणून काही उरणारच नाही.

पण एवढ्यात हाय खाऊ नका. पाकिटात दोन पांढरे केस होते. आपला ढोल्या कुत्रा लोळतो तोच स्वेटर घालून केस काढायला गेला होतात ना? धन्य आहे तुमची! आता डॉक्टरांकडून पिल्लाचं रक्त काढून पाठवा.

माया असू द्यावी.
ठकी

२५ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तोच स्वेटर होता! आईने माझी यथेच्छ हजेरी घेतली. शिव्या खाऊन एवढा आनंद जन्मात झाला नव्हता. रक्त पाठवलंय. सोडायच्या दिवशी तू ये.

बाबा

९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रक्त दोनदा तपासलं. पिल्लू निम्मं कुत्राच आहे, बाबा. ढोल्याचा काही दोष नाही. अहवालावर सही माझी आहे, रागवायचं तर माझ्यावर रागवा. मला फार वाईट वाटतंय.

ठकी

१६ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्यावर कसला राग? खोटं लिहिलं असतंस तर कान उपटला असता. पिल्लू आता जन्मभर आमच्याच पिंजऱ्यात राहणार, असा हुकूम आलाय.

एक मात्र जिवाला लागलंय. रानात जायचंय म्हणून मी त्याच्याशी कधी एक शब्द बोललो नाही, नाव ठेवलं नाही. जवळ आलं की डबा बडवून हाकलायचो. माणूस दिसला की पळायचं, हे मीच त्याच्या हाडीमाशी मुरवलं. आणि आता त्याला उठल्या-बसल्या माणसंच दिसणार.

काल जाळीशी बसून बोलायला लागलो. काय बोलावं सुचेना, म्हणून तुझ्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या. ते कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होतं. आज पुन्हा जाऊन बसलो.

तुझा लोभ आहेच. त्याचा मिळायला वेळ लागेल.

बाबा