उचलण्याची खूण

प्रिय दादा,

एका सकाळी मी लागोपाठ दोन शिफ्ट करून घरी आलो आणि आपल्याच दारात खुळ्यासारखा उभा राहिलो. हिने दार उघडलं आणि माझ्या हातातला डबा घ्यायला पंजा पुढे केला. तुला सांगायला नकोच, आमच्या क्रेनवर पुढे आलेला पंजा म्हणजे 'थांब'. मी थांबलो. ती हात पुढे करून उभी, मी डबा छातीशी धरून उभा. समोरचा शिंपी दुकान उघडता उघडता आमचा तमाशा बघत होता. शेवटी ही म्हणाली, "घर हेच आहे. आत यायला हरकत नाही." मग आम्ही दोघंही हसलो. हसताना मी भिंतीला टेकलो आणि तिथेच डोळा लागला. तिने पुढे बोलता बोलता मागे वळून पाहिलं तर नवरा उभ्याउभ्या घोरतोय.

दुसऱ्या क्रेनवाल्याने नोकरी सोडल्यापासून असंच चाललंय. त्याच्या जागी माणूस घेणार, घेणार म्हणतात आणि तोवर मीच त्याची शिफ्ट ओढतो. झोप कमी झाली की माणूस मलूल पडतो, असं मला वाटायचं. तसं होत नाही, दादा. माणूस उलट जास्त हलतो. मी घरात बसलो तर पाय हलतो. उठतो, स्वयंपाकघरात जातो, कशाला आलो ते आठवत नाही, भांडं उचलून पुन्हा तिथेच ठेवतो. लागलेला दिवा लावायला जातो आणि घालवून बसतो. आणि झोप येते ती अशी भुरट्या चोरासारखी, चूळ भरताना, चपलेत पाय घालताना, जिन्याच्या वळणावर. अंथरुणात मात्र येत नाही. तिथे मी पडून छताकडे बघतो आणि बोटं आपली गादीवर क्रेनचे दांडे ओढत असतात.

कंपनीने आम्हा सगळ्यांच्या मनगटाला एक पट्टा बांधलाय. हात किती हलला, किती निवांत राहिला, ते त्याच्यात उमटतं. सुपरवायझर मला तो दाखवून म्हणाला की काका, तुमची हालचाल जवानासारखी आहे आणि विश्रांतीही भरपूर भरते. भरणारच. भिंतीला टेकून मारलेली डुलकी, बसमधली पेंग, चूळ भरतानाचा तो क्षण, सगळ्यांची बेरीज केली की रात्र भरते त्याच्या हिशेबात. चिंध्या जोडून पांघरूण झालं म्हणायचं आणि माणसाला थंडीत निजवायचं, त्यातला प्रकार.

तुला एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. सकाळी मी जपाला बसतो, ते तुला ठाऊक आहे. हल्ली माळ हातात घेतली की मी झोपतो आणि माळ चालूच राहते. हिने दोनदा पाहिलं. मान छातीवर, तोंड उघडं आणि अंगठा एकेक मणी पुढे ढकलतोय. मला त्याची फार लाज वाटली. हात फिरत होता, पण मी तिथे नव्हतो. त्या पट्ट्याने मात्र मला जागा धरलं असेल. देवाला असं फसवता येत नाही आणि त्याला फसवावं असं मला वाटतही नाही. रात्र त्याने दिली ती माणसाने निजावं म्हणून. ती विकायचा अधिकार मला नाही आणि विकत घ्यायचा मॅनेजरला तर मुळीच नाही.

आता मंगळवारचं सांगतो. तुला जे कळलंय ते मॅनेजरच्या तोंडून कळलंय, म्हणून माझ्या तोंडूनही ऐक. खाली खुणा करायला आपला तो किरकोळ अंगाचा, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो होता. त्याचीही दुसरी शिफ्ट. खांबाला टेकल्याटेकल्या त्याला डुलकी लागली आणि अंग आणि खांबामध्ये दबलेला हात बधिर झाला. जाग आली तशा मुंग्या जायला त्याने तो हात वर करून झटकला. आमच्यात हात वर करून हलवला म्हणजे 'उचल'. मी वरून पाहिलं आणि उचललं. शुद्धीतला मी असतो तर त्याचा चेहरा पाहिला असता, खालची माणसं बाजूला झालीत का पाहिलं असतं. मी फक्त हात पाहिला. साखळी एकाच बाजूने अडकवलेली होती. लोखंडाची ती जाडजूड गुंडाळी तिरकी झाली, सुटली आणि साखळीवाला जिथे वाकला होता तिथे येऊन पडली. दोन मुलींचा बाप तो. त्याने उडी मारली म्हणून वाचला. उठून बसला आणि कितीतरी वेळ आपल्या पायांवरून हात फिरवत राहिला, दोन्ही आहेत ना म्हणून.

मॅनेजरने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. तुमच्या पट्ट्यांप्रमाणे तुम्ही दोघेही ताजेतवाने होता, म्हणजे हा निव्वळ निष्काळजीपणा, असं त्याचं म्हणणं. माफी मागा आणि कामाला लागा. पैलवान खाली मान घालून उभा होता. मी म्हटलं, साहेब, माफी मागतो, पण साखळीवाल्याची, आणि ती मागून झालीय. तुमची कशाची मागू? त्यावर तो म्हणाला की तुमचे थोरले बंधू इथे फोरमन होते, त्यांनी आयुष्यभर डबल केली, त्यांच्या तोंडून कधी झोपेचं नाव ऐकलं नाही.

खरंय. तू कधीच नाव काढलं नाहीस. गावच्या शाळेत जाताना मला पेंग आली की तू मला पाठीवर घ्यायचास, दप्तरासकट. स्वतः मात्र तेव्हाही पहाटे उठून दुधाच्या किटल्या पोचवून आलेला असायचास. मला झोप मिळावी म्हणून तू जागलास, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण वहिनी हिच्याजवळ काय बोलतात, ते तुला माहीत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दादा अंथरुणात टिकत नाहीत, म्हणतात. घरभर फिरतात. दारं लावलेली आहेत का बघतात, पुन्हा बघतात. दुपारी खुर्चीत डोळा लागला की हात वर करून कुणाला तरी खुणा करतात आणि दचकून उठतात. दादा, तुझी नोकरी संपली, पण शिफ्ट अजून सुटली नाही. हे मी तुला कधी तोंडावर बोलू शकलो नसतो, म्हणून लिहितोय.

रविवारी येतोस आणि मला हाताला धरून माफी मागायला मॅनेजरपुढे उभं करतोस, असा तुझा निरोप आला. जरूर ये, वहिनींना घेऊन ये, चार दिवस राहा. पण त्या कामासाठी येऊ नकोस. काल सकाळी माझी शिफ्ट संपली आणि दुसऱ्या शिफ्टला कुणी आलं नाही. उतरू नका, असं सुपरवायझर खालून ओरडला. मी लटकलेला माल हळूच जमिनीवर टेकवला. आकडा मोकळा करून वर घेतला, बटण बंद केलं आणि शिडीवरून खाली आलो. मॅनेजर धावत आला. सगळ्यांसमोर मी त्याला एवढंच म्हटलं, "झोपून येतो. मग चढतो." कामावर ठेवणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, तो तुमचा अधिकार. पैलवानाने दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्यामागून चालू लागला. त्याच्यामागून साखळीवाला. आज क्रेन बंद आहे, असं कळलं. उद्या काय होईल ते देव जाणे. मी मात्र घरी आलो, हिला सांगितलं, खिडकी लावून घेतली आणि अंथरुणावर आडवा होऊन दिवे लागेपर्यंत झोपलो.

तुझाच,
धाकटा