शेजारची खाला रडली नाही

आई, तुला आवडणार नाही अशा एका बाईबद्दल लिहायला बसले आहे. निजामपुऱ्यातली आपली मुसलमान शेजारीण, जिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. या वयात मी पुन्हा वर्गात जाते. वेगवेगळ्या रीतीभातींची माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कुठे अडतात, असा विषय आहे. आंतरसांस्कृतिक संवाद म्हणतात त्याला. तू हसली असतीस. बाईंनी सांगितलं, तुम्हाला कोरडं वाटलेलं एखादं माणूस आठवा. आधी फक्त काय पाहिलं ते लिहा, अर्थ नंतर.

सत्तरच्या दशकातली ती दुपार आठवली. माझा धाकटा भाऊ तापानं गेला होता. वळ गावाहून तुझ्या माहेरच्या बाया आल्या आणि तुझ्या गळ्यात पडून रडू लागल्या. खाला मात्र भिंतीशी बसली होती, तुझ्या पाठीवर हात ठेवून. "सब्र करो बहन, सब्र," एवढंच म्हणत होती. तू तो हात झटकलास. ती गेल्यावर म्हणालीस, "माझा पोर गेला नि ही मना सांगते गप बस. तिचे डोल्यान पानी न्हाय." गल्लीत तुझी म्हणावी अशी तीच एक मैत्रीण होती; नळ एक, भिंत एक, पण त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलली नाहीस. मीही तेच शिकले, की जो मोठ्यानं रडत नाही त्याला दुःख नाही. पुढे माझ्या सुनेची आई वारली आणि सून शांत राहिली, तेव्हा मी तिलाही मनात दगड म्हटलं.

लिहिता लिहिता आठवलं, खालाच्या घरातले कापड विणायचे लूम त्या दिवशी बंद होते. एरवी शिफ्ट संपली तरी खडखड थांबायची नाही, आपण एकाच खोलीत ओरडून बोलायचो. तिनं नवऱ्याला सांगून ते थांबवले होते, म्हणून तर तुझा हंबरडा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मोठ्यानं आक्रोश करणं त्यांच्यात बरं मानत नाहीत. सब्र कर, धीर धर म्हणणं हीच त्यांची सांत्वनाची रीत. तुला हे कुणी सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

तू गेलीस तेव्हाही ती आली होती, म्हातारी, भिंत धरत. मला तेच म्हणाली. मी तोंड फिरवलं.

हे सगळं वर्गात वाचून दाखवायचं होतं. नाही दाखवलं. तिची रीत मी नीट समजावून सांगितली असती, आई. पण तुझ्यासाठी तिनं एकदा तरी मोठ्यानं रडायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.