मिस स्पर्टलची टोपी

डंडी,
सोमवार, ४ मार्च १९६३

ति. इशबेलताईस,
गॅव्हिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. ग्रिझेल मावशी विक गावाहून एकटी आगगाडीने इनव्हर्नेसला तुझ्याकडे आली आणि स्टेशनवर हमालाला बॅगेला हातसुद्धा लावू दिला नाही, हे वाचून प्रकृती ठीक असल्याची खात्री पटली. परवा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आठ दिवस खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही, नाहीतर टाके तुटतील, असं तू लिहिलंस. हसण्याची चिंता नको. आई गेल्यावर तिने आपल्याला वाढवलं, तिथे विकच्या शाळेत शिकवलंही, पण तिला हसताना मी तरी कधी पाहिलेलं नाही.

माझी चिंता वेगळी आहे. ताई, मी सात वर्षं खोटं बोलतोय. बियाण्यांच्या कॅटलॉगमधली कोबींची चित्रं मी काढत नाही. मावशी ते कोबी शेजारणींना कौतुकाने दाखवते, ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. मी इथे मुलांच्या ‘रॅटल’ नावाच्या कॉमिकमध्ये ‘मिस स्पर्टल’ काढतो. टिबी नावाची मुलगी वर्गात रोज एखादं जनावर घेऊन येते आणि शेवटच्या चौकटीत मास्तरीणबाई कशात तरी पडतात. सूप, डबकं, मिळेल त्यात. त्या मास्तरीणबाईंना पिसाची काळी टोपी आहे, लांब हनुवटी आहे, काखेत छत्री आहे. आणि त्यांच्या तोंडच्या फुग्यात दर आठवड्याला एक वाक्य असतं: ‘खिडकीबाहेर काही शिकवत नाहीत!’ हे वाक्य अख्ख्या स्कॉटलंडात एकच बाई म्हणायची.

आमच्याकडे चित्राखाली नाव छापत नाहीत, म्हणून आजवर निभावलं. पण नवी नजर आल्यावर तिने पहिलं तेच पाहिलं तर? इस्पितळात असले अंक पडलेले असतात. तेवढं जप.

राग येईल तेवढा येऊ दे, माया मात्र कमी करू नकोस.
तुझा
गॅव्हिन

———

इनव्हर्नेस,
शुक्रवार, ८ मार्च

चि. गॅव्हिनास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट पार पडलं, आधी ते ऐक. भूल उतरल्याबरोबर मावशीने सिस्टरच्या बोलण्यातली व्याकरणाची चूक काढली.

आता तुझ्याविषयी. अरे शहाण्या, तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? आमचा मर्डो आणि ऊना चार वर्षांपासून ‘रॅटल’ घेतात. त्यांच्याआधी तो घेऊन त्यांचा बाप अ‍ॅलिस्टर न्हाणीघरात जाऊन बसतो, आणि बाहेर पोरं दार बडवतात. पहिल्याच अंकात ती टोपी बघून मी उकडलेले बटाटे तसेच टाकून हसत बसले होते. तू आपणहून कधी सांगतोस याची वाट पाहत होते, तर तुझे कोबीच चालू.

पण जपायला उशीर झाला रे. मावशीच्या शेजारच्या खाटेवर बेला गन नावाच्या बाई आहेत. अडुसष्ट वर्षांच्या, जन्मभर हेरिंग मासे कापण्यात गेलेल्या. त्यांचा एकच डोळा बांधलाय. दर गुरुवारी त्यांची नात त्यांना ‘रॅटल’ आणून देते, आणि त्या सगळ्या वॉर्डाला मोठ्यांदा वाचून दाखवतात. चित्रंसुद्धा सांगतात: आता बोकड आला, आता बाईंचा पाय घसरला, असं. काल मी पोचले तेव्हा बाकीच्या बायका हसू दाबताना उशा चावत होत्या आणि मावशी लाकडासारखी पडून होती. तिने बेलाबाईंना ते खिडकीचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, बाईंच्या डोक्यावर काय आहे. बेलाबाई म्हणाल्या, काळी टोपी, वर पीस.

तोंडावर एवढी मोठी पट्टी, मला काही कळेना. मी हात धरला तर तिने सोडवून घेतला आणि सिस्टरला म्हणाली की दोन दिवस मला कुणी भेटायला नको.

तिने नाव कुणाचंच घेतलं नाही. पण तिला कळलंय, गॅव्हिन. तू जेवत-खात जा आणि उलट टपाली लिही.

दोन्ही पोरांचे मामाला पापे.
तुझी
इशबेलताई

———

डंडी,
रविवार, १० मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं चालू पान बाजूला सारलं. मावशीने तोंडावर दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तुझा हात सोडवून घेतला, हे मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

काल मी आमचे संपादक डालगार्नोसाहेब यांच्याकडे गेलो. मिस स्पर्टलला बोटीत बसवून कायमची न्यूझीलंडला पाठवणारं पान काढूनच नेलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि टेबलाचा खालचा खण उघडला. कार्डिफ, बेलफास्ट, लीड्सच्या पोरांची पत्रं. वेडीवाकडी अक्षरं. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता: मिस स्पर्टलला फार लागलं तर नाही ना? साहेब म्हणाले, ‘अरे, ती पडते म्हणून पोरं हसतात. पण पुढच्या गुरुवारी टोपी सरळ करून ती परत वर्गात येते, म्हणून पोरं अंक घेतात. घरी काय काय मोडलेलं असतं त्यांच्या. इथे कुणी मोडत नाही.’ पान त्यांनी मला परत दिलं.

बाहेर येऊन मी बराच वेळ जिन्यातच बसलो. आई गेली त्या हिवाळ्यात वर्गात कुणीतरी आवाज केला आणि मावशीने सगळ्यांपुढे माझ्या हातावर पट्टा मारला, ते तुला आठवत असेल. तू वरच्या वर्गात होतीस, मधल्या सुट्टीत माझा हात थंड पाण्यात धरला होतास. मी त्याचा सूड काढतो असं तिला वाटत असणार. खरं सांगू का, तसं नाही. घरातली एक बाई, आपली आई, पडली ती परत उठलीच नाही. मी दुसरीला दर आठवड्याला पाडतो आणि ती उठते. सात वर्षं मला एवढंच करायचं होतं. हे तिला कसं सांगू?

तिने भेटायला होकार दिला की तार कर, मी पहिल्या गाडीने येतो. बर्फ वितळलंय, गाड्या वेळेवर आहेत.

तूच आता माझी बाजू सांभाळ.
तुझा
गॅव्हिन

———

इनव्हर्नेस,
मंगळवार, १२ मार्च

चि. गॅव्हिनास आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. आज मावशी हसली.

सकाळी तिनेच बेलाबाईंना जुने अंक वाचायला सांगितले. बोकड हजेरीपट खातो आणि मिस स्पर्टल तपासनीसाला सांगते की ओल लागून खराब झाला, तो अंक निघाला. मावशीच्या घशातून आधी किटलीसारखा आवाज आला म्हणे. मग वाळूच्या पिशव्या हलायला लागल्या. बेलाबाई घाबरून थांबल्या तर ही हसतहसतच त्यांना पुढे वाचा, पुढे वाचा म्हणत होती. सिस्टर धावली, डॉक्टर आले, वॉर्डातले सगळे अंक जप्त झाले. मी गेले तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की टाके सुटले असण्याचा संभव आहे, उद्या सकाळी पट्टी काढून पाहू, मनाची तयारी ठेवा. मावशीला आत काय सांगितलं माहीत नाही. ती माझा हात धरून पडली होती. या वेळी सोडवून घेतला नाही.

पाकीट बंद करत नाही.

बुधवार, दुपार.
टाके शाबूत आहेत! डॉक्टर दोनदा वाकून बघून म्हणाले, अगदी स्वच्छ. त्यांनी जाड भिंग डोळ्यासमोर धरलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, केस कुणी कापले तुझे, त्याला परत पैसे देऊ नकोस. मी तिथेच खाली बसले आणि रडले, सिस्टरने चहा दिला.

जाताना दिसलं, डॉक्टर आपल्या खोलीत उभ्याउभ्या जप्त केलेला अंक वाचत होते.

तू घाईने येऊ नकोस. चष्मा मिळाला की ती स्वतः लिहिणार आहे, मध्ये कुणी पडायचं नाही, असं बजावलंय.

आता पोटभर जेव.
इशबेलताई

———

इनव्हर्नेस,
गुरुवार, २८ मार्च

चि. गॅव्हिन यास,
ग्रिझेल मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चष्म्याच्या काचा बरणीच्या बुडासारख्या आहेत. ओळी वाकड्या जातात, हसू नकोस.

कोबींबद्दल आधी. सात वर्षं मी परक्या माणसाच्या कोबींचं कौतुक केलं, हे मला फार लागलं आहे. बाकीचं नंतर लागलं आणि निघूनही गेलं. पहिले दोन दिवस मी अंधारात पडून ऐकत होते आणि वाटत होतं, चौतीस वर्षांची नोकरी झाली ती यासाठी. मग बेलाबाई बोलल्या. त्यांना लहानपणी वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेतल्या बाई त्यांना कोपऱ्यात उभं करायच्या. पुढे धाकट्या मुलाच्या कॉमिकमधले फुगे लावत लावत त्या वाचायला शिकल्या. मला म्हणाल्या, या मिस स्पर्टलची मला दया येते हो, एवढं सगळं होतं पण बाई शाळा बुडवत नाही. त्यांना कुठे माहीत होतं की ती कोण. मी आयुष्यभर पोरांच्या दप्तरातून असले अंक काढून कपाटात कोंडले. ज्या पोरांना धडा वाचता यायचा नाही, तीच ते बाकाखाली धरून ओठ हलवत वाचायची. मी ओठ पाहिले आणि अंक काढून घेतला.

बोकड मात्र तू चुकीचा काढतोस. १९३८ साली हजेरीपट खाल्ला तो बोकड पांढरा होता, आणि तपासनीसाला मी ओल लागली म्हणाले हे तुला कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. आठ वर्षांचा होतास. पंचवीस वर्षं हे दोघांनाच माहीत होतं आणि दोघंही गप्प. हसू आलं ते त्याचंच. डालगार्नोसाहेबांना माझा निरोप सांग की बाई न्यूझीलंडला जाणार नाहीत. इशबेलने तुझी सगळी पत्रं मला वाचून दाखवली. तिला रागावू नकोस, मीच मागितली.

आता जे लिहायला बसले ते. त्या हिवाळ्यात वर्गात आवाज केला तो तू नव्हतास. तुझ्या मागच्या बाकावरचा होता. पट्टा उचलला तेव्हाच मला कळलं होतं. पण घरचा म्हणून सोडला असं गाव म्हणेल, या भीतीने हात थांबवला नाही. तुझी आई जाऊन सहा आठवडे झाले होते. तू रडलासुद्धा नाहीस. मी चुकले, गॅव्हिन. हे मी पंचवीस वर्षांत रोज म्हणू शकले असते.

ईस्टरला ये. टोपी मी सोबत आणली आहे, नीट बघून काढ, तू पीस डाव्या बाजूला दाखवतोस असं मर्डो म्हणतो.

टपालपेटी रस्त्याच्या टोकाला आहे. इशबेल म्हणते मी टाकते, पण पत्र घेऊन मीच जाणार आहे. इथून ती लाल दिसते मला.

तुझ्यावर पूर्वीही होती आणि आताही आहे, ती माया तशीच मानून घ्यावी.
तुझी
मावशी