सवत पोलिसांत जमा

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज चुकलंच माझं. ह्यांच्या रिव्हॉल्व्हरला मी जन्मात हात लावला नव्हता. कॅश व्हॅनवर गार्ड होते तेव्हापासूनची ती कपाटात — मी तिला सवतच म्हणायचे. पूजा दरवर्षी हेच करायचे. यंदा ह्यांना सण कुठला तेच आठवेना, म्हणून मीच ती पाटावर मांडली, विळी-कातरीशेजारी. कुंकू कालवून बोटं ओढली.

हे खुर्चीतून ताडकन उठले. "सुलू, लोखंडाला ओलं कुंकू? गंज धरेल ना गो!"

सुलू! उन्हाळ्यापासून माझं नाव घेतलं नव्हतं. मी पाटासमोरच रडत बसले.

५ ऑक्टोबर

आता रोज सकाळी हातात देते. काडतुसं आमच्या लेकानं, जितेशनं मागेच पोलिसांत दिलीत, भीती नाही. "सुलू, तेल." "सुलू, फडकं." चहाचा कप धरवत नाही, पण हिला पुसताना हात जराही कापत नाहीत.

१२ नोव्हेंबर

आज नीट बघितली. नक्षी नाही, झगमग नाही. लाकडी मूठ, ह्यांचा अंगठा बसून बसून खोलगट झालेली. सिलिंडर फिरवला की बरोब्बर जागेवर येऊन थांबतो. कुणीतरी मन लावून केलीय. इथे इंद्रलोकमधल्या आमच्या नव्या फ्लॅटचं एक दार धड लागत नाही! उगाच राग राग केला मी हिचा.

१६ डिसेंबर

आचारसंहिता लागली. परवान्याची हत्यारं जमा करायची. जितेश घेऊन गेला.

"आई, इलेक्शननंतर परत नाय आणायची हां. घरात आरोही लहान आहे, रिस्क नको. बाबांना तसं पण काय समजतंय आता?"

"ती हातात असली की त्यांना मी समजते," म्हटलं. तो मोबाइल बघत बसला.

२४ डिसेंबर

हे तिची रिकामी पेटी उघडतात, लावतात.

२ जानेवारी

अडकित्ता दिला, तेल-फडकं दिलं. ह्यांनी बाजूला सारलं. मला नुसतं "ओ" म्हणतात. फार एकटं वाटतं.

१९ जानेवारी

मतदान, निकाल, सगळं उरकलं. मी जितेशशी कडाकडा भांडले. शेवटी म्हणाला, "ओके, आणू. पण पेटीची चावी माझ्याकडे." उद्या पोलीस ठाण्यात ह्यांनाही न्यायचंय. ह्यांच्या खाकी शर्टाला इस्त्री केली. लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय.

२० जानेवारी

हवालदारानं ती टेबलावर ठेवली. ह्यांनी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "चांगली वस्तू आहे," म्हणाले. मग माझ्यापुढे धरली.

"ज्याची आहे त्याला देऊन टाका, बाई. शोधत असेल बिचारा."